अधू हाताचा हातोडाफेकपटू : हॅरॉल्ड कॉनोली

हातोडाफेक हा दोन्ही हातांच्या बळाची कसोटी पाहणारा क्रीडाप्रकार. मात्र या प्रकारात ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून सहा वेळा विश्वविक्रम नोंदवणारे अमेरिकेचे हॅरॉल्ड कॉनोली यांचा डावा हात जन्मापासूनच अधू होता.

कॉनोली यांचा जन्म १ ऑगस्ट १९३१ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील सॉमरव्हिल येथे झाला. प्रसूतीच्या वेळी झालेल्या इजेमुळे त्यांच्या डाव्या हाताच्या नसा दुखावल्या. हा हात उजव्यापेक्षा आखूड राहिला, पंजाही लहान राहिला. बालपणी तो अनेकदा मोडला. तरीही त्यांनी खेळ सोडला नाही.

बॉस्टन कॉलेजमध्ये ते गोळाफेक करीत. सरावाच्या वेळी हातोडाफेकपटूंचे हातोडे परत फेकून देताना ते त्यांच्याहूनही लांब जाऊ लागले आणि कॉनोली यांना आपला खेळ गवसला. तारेला बांधलेला ७.२६ किलो वजनाचा गोळा गरगर फिरवून फेकताना उजव्या खेळाडूच्या डाव्या हाताची पकड मुठीवर आधी बसते, उजवा हात तिच्यावर येतो. म्हणजे सारा ताण नेमका दुबळ्या हातावर. ही उणीव त्यांनी वेग, तंत्र आणि पायांच्या बळावर भरून काढली. त्यासाठी १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीत जाऊन त्यांनी प्रशिक्षक सेप क्रिस्टमान यांच्याकडे धडे घेतले.

२ नोव्हेंबर १९५६ रोजी लॉस एंजेलिस येथे ६८.५४ मीटर फेक करून त्यांनी सोव्हिएत संघाच्या मिखाईल क्रिव्होनोसोव्ह यांचा विश्वविक्रम मोडला. त्याच महिन्यात मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हे दोघे समोरासमोर आले. गुळगुळीत वर्तुळात पाय स्थिर राहावेत म्हणून कॉनोली बॅले नर्तकांचे बूट घालून उतरले. त्यांनी ६३.१९ मीटर फेक केली आणि अवघ्या १६ सेंटिमीटरने सुवर्णपदक जिंकले. अमेरिकेला या प्रकारात ३२ वर्षांनी सुवर्ण मिळाले.

मेलबर्नमध्येच थाळीफेकीची विजेती, चेकोस्लोव्हाकियाची ओल्गा फिकोतोवा हिच्याशी त्यांचे प्रेम जुळले. शीतयुद्धाच्या त्या काळात विवाहाची परवानगी मिळणे कठीण होते. अखेर मार्च १९५७ मध्ये प्राग येथे हजारोंच्या गर्दीत विवाह झाला. थोर धावपटू एमिल झाटोपेक साक्षीदार होते. यानंतर ओल्गा अमेरिकेकडून खेळल्या. १९७० च्या दशकात हे दांपत्य विभक्त झाले.

ऑगस्ट १९६० मध्ये ७०.३३ मीटर फेक करून कॉनोली ७० मीटरचा टप्पा ओलांडणारे जगातील पहिले खेळाडू ठरले. परंतु रोम ऑलिंपिकमध्ये ते आठवे आले. योगायोग असा, की त्याच रोममध्ये काही दिवसांनी पहिली पॅरालिंपिक स्पर्धा भरली. तेव्हा ती मेरुरज्जूला इजा झालेल्या, चाकाच्या खुर्चीवरील खेळाडूंपुरतीच मर्यादित होती. कॉनोली यांच्यासारख्यांना तेथे स्थान नव्हते. त्यांना धडधाकट खेळाडूंशीच झुंजावे लागले. १९६४ मध्ये ते सहावे आले. १९६५ मध्ये त्यांनी ७१.२६ मीटरचा अखेरचा विश्वविक्रम केला.

अनेक वर्षे त्यांनी आपल्या हाताला जाहीर चर्चेचा विषय होऊ दिले नाही. कॅलिफोर्नियात शिक्षकी पेशा केल्यानंतर मात्र त्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या स्पेशल ऑलिंपिक्स या संस्थेत काम केले. १८ ऑगस्ट २०१० रोजी वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुरुषांच्या हातोडाफेकीत ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारा त्यांच्यानंतरचा अमेरिकी खेळाडू अद्याप झालेला नाही.