डॉ. जॉन स्नो आणि आमचा कूलर

गेल्या पावसाळ्यात आमच्या विंगमध्ये सात जणांना कावीळ झाली. माझ्या रूम पार्टनरची तर परीक्षाच बुडाली. कुणी मेसला शिव्या घातल्या, कुणी पाणीपुरीला. मला मात्र शाळेत ऐकलेले डॉ. जॉन स्नो आठवले.

त्यांचा जन्म १५ मार्च १८१३ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कचा. वडील मजूर. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसलला एका सर्जनकडे शिकायला राहिले. तिथल्या कोळसा खाणीत कॉलरा आला, तेव्हा हा कोवळा पोरगा खाणकामगारांची सेवा करत होता. पुढे लंडनला जाऊन ते डॉक्टर झाले. भूल देण्यात इतके तरबेज, की १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिलं.

पण डोक्यातून कॉलरा जाईना. तो घाणेरड्या हवेतून पसरतो असं तेव्हा बहुतेक डॉक्टर म्हणत. पाण्यातून पसरतो, असं स्नो यांनी १८४९ मध्येच लिहिलं. फारसं कुणी ऐकलं नाही.

ऑगस्ट १८५४ च्या शेवटी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर साथ भडकली. दहा दिवसांत ५०० च्या वर माणसं गेली! स्नो घरोघर फिरले. बहुतेक मृत्यू एकाच पंपाच्या आसपासचे होते. पण खरी कमाल पुढेच आहे. त्यांनी न जुळणाऱ्या केसेस शोधल्या. जवळच्या बिअरच्या कारखान्यात कुणीच दगावलं नाही, कारण कामगार बिअर प्यायचे आणि विहीर कारखान्याची स्वतःची होती. उलट लांब हॅम्पस्टेडला एक बाई गेली, कारण ती आवडीने याच पंपाचं पाणी मागवायची.

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. साथ आधीच उतरू लागली होती, हे स्नो यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं. प्रत्येक मृत्यूला एक काळी रेघ, असा तो प्रसिद्ध नकाशा त्यानंतरचा.

मग त्यांनी दक्षिण लंडन घेतलं. तिथे दोन कंपन्या पाणी पुरवत, बऱ्याच ठिकाणी एकाच गल्लीत. शहराच्या घाणीतलं थेम्सचं पाणी देणाऱ्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, वरच्या अंगाचं स्वच्छ पाणी देणाऱ्या कंपनीच्या फक्त ३७! तरीही सरकारी समितीला पटलं नाही. १६ जून १८५८ ला, वयाच्या ४५ व्या वर्षी स्नो गेले. त्याच उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झालं, आणि जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरच्या गटारांना मंजुरी मिळाली. स्नो यांचं म्हणणं पटायला मात्र आणखी काही वर्षं गेली.

आम्हीही हॉस्टेलच्या प्लॅनवर खुणा केल्या. सातपैकी सहा जण दुसऱ्या मजल्यावरच्या कूलरजवळचे निघाले. सातवा तळमजल्यावरचा. त्याला विचारलं, तर तो रोज रात्री आमच्याच मजल्यावर अभ्यासाला यायचा! कागद रेक्टर सरांना दिला. दुसऱ्या दिवशी कूलर बंद झाला, टाकी धुतली. आमच्यामुळेच कावीळ थांबली असं मी म्हणणार नाही, सात केसेस म्हणजे फारच कमी डेटा. पण टाकी किती महिन्यांनी धुतात, हे आता नोटीस बोर्डावर लिहिलेलं असतं.