नारळाचा रोग आभाळातून ओळखणारे पिशारोटी

उपग्रहावरून पिकाचा अंदाज काढतात म्हटलं की गावात अजूनही काही जण हसतात. इतक्या उंचावरून माझं शेत काय दिसणार, असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे. आपल्या देशात त्याचं उत्तर शोधायला सुरुवात केली ती प्रा. पिशारोथ राम पिशारोटी यांनी. तीही आपला एकही उपग्रह वर नसताना, नारळाच्या बागेवरून.

पिशारोटींचा जन्म १९०९ चा, केरळातील कोल्लंगोडचा. पदार्थविज्ञान शिकून त्यांनी बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली काम केले. पुढे हवामान खात्यात लागले, अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट मिळवली. आपल्याकडील कुलाबा व अलिबागच्या वेधशाळांचे ते संचालक होते. १९६२ साली पुण्यात उष्णकटिबंधीय हवामान संस्था निघाली, तिचे पहिले संचालकही तेच. १९६७ मध्ये निवृत्त झाले. पण घरी बसतील ते पिशारोटी कसले! विक्रम साराभाईंच्या अहमदाबादच्या प्रयोगशाळेत ते दाखल झाले.

त्या वेळी केरळात नारळाला मुळाच्या मर रोगाने ग्रासलं होतं. हा रोग झाड लगेच मारत नाही, हळूहळू खंगवतो. झावळ्या मलूल होतात, उत्पन्न घटत जातं, आणि औषध काही नाही. रोगट झाड लवकर ओळखून काढणं एवढंच हाती. पण लाखो माड एकेक करून तपासणार कोण? १९७० साली पिशारोटींनी हेलिकॉप्टरमधून बागांचे फोटो घेतले. फिल्म साधी नव्हती, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टिपणारी होती. निरोगी पान हे किरण भरपूर परत फेकतं, म्हणून फोटोत लालभडक उमटतं. आजारी पानाचा रंग फिका पडतो. खाली उभं राहून जी झाडं धडधाकट वाटत होती, त्यांतलीही काही फोटोत वेगळी दिसली.

इथे एक गोष्ट बारकाईने बघा. कुठला रंग कुठल्या रोगाचा, हे फोटो स्वतःहून सांगत नाही. त्यासाठी कुणीतरी त्याच झाडाखाली जाऊन झावळी तपासावी लागते. पाण्याचा ताण पडला तरी पान फिकं दिसतं. वरचं चित्र आणि खालची पाहणी जुळली, तरच पुढच्या हजार झाडांबद्दल काही बोलता येतं. आजही उपग्रहावरचा उत्पादनाचा अंदाज पीक कापणी प्रयोगाच्या आकड्यांशी ताडून बघतात, चुकला तर हिशेबाची पद्धत सुधारतात. भर उन्हात दोरी धरून तुकडा मोजायचा, झोडपायचा, वजन करायचं, ही मला पूर्वी नुसती कटकट वाटायची. आता तसं वाटत नाही. खाली मापात चूक झाली तर वरचा उपग्रह काय करणार?

पुढे अहमदाबादच्या अंतराळ केंद्रात दूरसंवेदनाचं काम त्यांनी सांभाळलं. १९८८ च्या मार्चमध्ये आयआरएस-१ए हा नियमित वापरासाठीचा आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह वर गेला, तेव्हा ते ७९ वर्षांचे होते.

पावसाचा त्यांचा हिशेबही शेतकऱ्याच्या कामाचा. वर्षाचे तास ८७६०, आणि आपला बहुतेक पाऊस त्यातल्या जेमतेम शंभर तासांत पडून जातो. म्हणून पाणी जिथे पडतं तिथेच, लहान तळ्यांत अडवा, असा त्यांचा आग्रह असे. २००२ च्या सप्टेंबरमध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.