महात्माजी आणि त्यांची ज्ञाती

आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात बालगोपाळांनी महात्मा गांधींच्या बलिदानावर एक छोटेखानी नाटक सादर केले. काठी टेकीत येणारा आठ-नऊ वर्षांचा बापू, त्याला आधार देणाऱ्या दोन मुली आणि अखेरीस पडद्याआड वाजलेले तीन फटाके. सभागृह क्षणभर स्तब्ध झाले, कित्येकांनी डोळे पुसले. मुलांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. तथापि ज्ञातिसंस्थेच्या रंगमंचावर हे चरित्र येते तेव्हा त्यातील एक प्रवेश गाळला जाऊ नये, असे प्रस्तुत लेखकास त्या रात्री वाटून गेले. तो येथे सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे मोढ वणिक ज्ञातीत झाला. वडील करमचंद ऊर्फ कबा गांधी हे संस्थानचे दिवाण. मातोश्री पुतळीबाई व्रतवैकल्यांत रमणाऱ्या. बालपणी या मुलाच्या मनावर नाटकांनी मोठा संस्कार केला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वडिलांनी विकत आणलेले श्रावणाच्या पितृभक्तीचे नाटक त्याने वाचून काढले. पुढे एका नाटक मंडळीचा हरिश्चंद्राचा खेळ पाहण्यास परवानगी मिळाली आणि त्या खेळाने त्यास अक्षरशः झपाटले. मनातल्या मनात तो खेळ त्याने असंख्य वेळा केला आणि राजाची विपत्ती आठवून अश्रू ढाळले. सारेच जण हरिश्चंद्रासारखे सत्यवादी का होऊ नयेत, हा प्रश्न त्या बालकास पडला आणि तो अखेरपर्यंत सुटला नाही.

वडील १८८५ साली निवर्तले. मॅट्रिक झाल्यावर भावनगरच्या सामळदास कॉलेजात मन रमेना, तेव्हा कुटुंबाचे स्नेही मावजी दवे यांनी बॅरिस्टरीसाठी विलायतेस धाडण्याचा सल्ला दिला. मद्य, मांस व परस्त्री यांस स्पर्श न करण्याची शपथ मुलाने घेतली, तेव्हा कोठे आईने अनुज्ञा दिली. पत्नी कस्तुरबा आणि काही महिन्यांचे मूल मागे ठेवून तो मुंबईस आला.

येथे ज्ञाती आडवी आली. मोढ वाण्यांपैकी तोवर कोणीही विलायतेस गेलेला नव्हता. मुंबईत ज्ञातीची सभा भरली आणि या तरुणास तीपुढे उभे करण्यात आले. ज्ञातीचे शेठ त्याचे दूरचे नातलग असून वडिलांशीही त्यांचा घरोबा होता. समुद्रपर्यटन धर्मास निषिद्ध आहे, तेथे आचार पाळणे अशक्य आहे, असे त्यांचे म्हणणे. एरवी चारचौघांत बोलतानाही लाजणाऱ्या त्या मुलाने, आपण आईला वचन दिले असून या बाबतीत ज्ञातीने हात घालू नये, असे नम्रपणे पण स्पष्ट सांगितले. शेठ संतापले. मुलगा बहिष्कृत ठरला. त्यास साह्य करील वा बंदरावर निरोप देण्यास जाईल त्यास सव्वा रुपया दंड! थोरल्या बंधूंनी प्रवासाचे पैसे मेहुण्यापाशी ठेवले होते. तो भ्याला आणि देईना. अखेर एका स्नेह्याकडून उसने घेऊन ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदासाने मुंबई सोडली. तेव्हा त्याच्या वयास एकोणीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

१८९१ साली बॅरिस्टर होऊन परत आल्यावर आई गेल्याचे त्यास कळले. ज्ञातीचा रोष दूर व्हावा म्हणून बंधूंनी त्यास नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडविले आणि राजकोटास ज्ञातिभोजन घातले. हा विधी त्यास रुचला नव्हता. बंधूंच्या प्रेमाखातर त्याने तो केला. ज्ञातीच्या एका तटाने त्यास पदरात घेतले, दुसऱ्याने घेतले नाही. सासू-सासरे, बहीण, मेहुणे हे त्या दुसऱ्या तटातले. त्यांच्या घरी त्यास पाणीही चालेना. चोरून नियम मोडावयास ती मंडळी तयार होती, परंतु जे उघडपणे करता येत नाही ते चोरून करणे त्यास मान्य नव्हते. म्हणून सासुरवाडीस जाऊनही तो पाण्यावाचून परते. त्याने ज्ञातीविरुद्ध तक्रार केली नाही, की परत घ्या म्हणून विनवणीही केली नाही. पुढे त्याच दुसऱ्या तटातील मंडळींनी त्यांच्या कार्यास मदत केली आणि ज्ञातीसाठी अमुक करा अशी अटही घातली नाही. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा उगम इतिहासकारांनी कोठेही शोधावा. आम्हास तो या न प्यालेल्या पाण्यात दिसतो.

तो सत्याग्रह आफ्रिकेत ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एका नाट्यगृहात प्रतिज्ञेने सुरू झाला, हाही एक योगायोगच.

१९१५ साली स्वदेशी परतल्यावर त्यांनी अहमदाबादेजवळ कोचरब येथे आश्रम स्थापिला. तेथे दूदाभाई हे अस्पृश्य गृहस्थ पत्नी व कन्येसह राहावयास आले आणि बहिष्काराचे चक्र पुन्हा फिरले. विहिरीवर कटकटी, देणगीदारांचे हात आखडते, आश्रमातही कुरबुर. खुद्द कस्तुरबांच्या मनासही ते रुचेना. पैसे संपल्यास अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन राहावयाचे, असे गांधीजींनी ठरविले. तोच एका शेठजींनी नाव न सांगता १३,००० रुपये आणून दिले.

जातिसंस्थेविषयीची त्यांची मते मात्र बरीच वर्षे आजच्या वाचकास पटणार नाहीत अशी होती. अस्पृश्यता पाप मानूनही वर्णव्यवस्थेचे ते दीर्घकाळ समर्थन करीत. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी केलेले उपोषण व त्यातून झालेला पुणे करार यांविषयी डॉ. आंबेडकरांच्या मनात राहिलेला सल सर्वश्रुत आहे. १९३६ साली जातिनिर्मूलनाच्या प्रश्नावर दोघांत जाहीर वाद झाला. त्या वादात डॉक्टरांची बाजू अधिक सबळ होती, असेच आम्हास वाटते. पण गांधीजी एका जागी थांबणारे नव्हते. १६ जून १९३३ रोजी पुण्यास पर्णकुटीत त्यांचे पुत्र देवदास यांचा विवाह राजगोपालाचारींच्या कन्या लक्ष्मी यांच्याशी झाला. वर वैश्य, वधू ब्राह्मण, आणि विधी चालविला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी. उत्तरायुष्यात तर वधूवरांपैकी एक हरिजन असल्यावाचून लग्नास आशीर्वाद द्यावयाचा नाही, असा त्यांनी नेमच केला. आपल्या मंडळातर्फे वधूवर मेळावे भरतात, त्यांच्या कार्यकर्त्यांनी हे वाक्य सावकाश वाचावे.

अखेरचा प्रवेश मुलांनी दाखविलाच. १३ जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत हिंदु-मुसलमानांच्या सलोख्यासाठी उपोषण आरंभिले, ते १८ला सुटले. २०ला प्रार्थनास्थळी स्फोट झाला, तरी बंदोबस्त वाढवून घेण्यास ते राजी झाले नाहीत. ३० तारखेस सरदार पटेलांशी बोलण्यात वेळ गेला, म्हणून मनू व आभा यांच्या खांद्यांवर हात ठेवून ते प्रार्थनेकडे लगबगीने निघाले, आणि गोळ्या झाडल्या गेल्या.

मारेकरी महाराष्ट्रातील होता. त्याच्या जातीत जन्मले एवढ्याच अपराधासाठी पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत निरपराध कुटुंबांची घरेदारे जाळण्यात आली. एका माणसाच्या कृत्याचा दंड साऱ्या जातीस, हा न्याय त्या शेठांच्या सव्वा रुपयाहून फार भयंकर होता, आणि तो ज्यांच्या नावाने झाला त्यांनी स्वतःवरील बहिष्काराचाही राग धरला नव्हता.

त्याच वर्षी त्यांच्या अस्थींचा काही अंश नाशिकला आणून गोदावरीत विसर्जित करण्यात आला. सत्तावन्न वर्षांपूर्वी ज्ञातीच्या समाधानासाठी बंधूंनी त्यांना जेथे स्नान घातले होते, तीच ही नदी.