खाँसाहेबांचा कान आणि हात

किराना घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे नाव ठाऊक नाही असा संगीतप्रेमी महाराष्ट्रात विरळाच. मी मात्र ज्या घरातून कॉलेजात आलो त्या घरात हे नाव कुणी कधी घेतले नव्हते. वडील तुर्भ्याच्या एका कारखान्यात फिटर आहेत. यंत्र कुरकुरू लागले की स्क्रू-ड्रायव्हरचे एक टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून कोणते बेअरिंग गेले ते सांगतात. त्यामुळे असेल कदाचित, पण खाँसाहेबांविषयी वाचताना मला प्रथम कुतूहल वाटले ते त्यांच्या गाण्याचे नव्हे. ते वाद्यदुरुस्तीची हत्यारे बरोबर बाळगीत, या गोष्टीचे.

पाश्चात्त्य देशांत पियानोची मैफल असली म्हणजे वादक येण्यापूर्वी एक कारागीर रंगमंचावर एकटाच तारा लावीत बसलेला असतो. पियानोला ८८ पट्ट्या आणि सव्वादोनशेच्या आसपास तारा. एवढ्या तारा वादक स्वतः सहसा लावीत नाही. कारागीर काम आटोपून निघून जातो आणि श्रोत्यांना त्याचे नावही कळत नाही. आपल्याकडे तंबोऱ्याला तारा चारच, आणि त्या गवयाने स्वतः जुळवाव्यात असा रिवाज. पण वाद्यच बिघडले तर मोठमोठे गवईही कारागिराचा दरवाजा ठोठावतात. गाणे एका घरात आणि हत्यारे दुसऱ्या घरात, अशी ही जुनी वाटणी आहे. खाँसाहेबांनी ती मानली नाही.

त्यांचा जन्म १८७२ साली आजच्या उत्तर प्रदेशातील किराना गावी, पिढीजात संगीतकारांच्या घराण्यात झाला. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम मिळाली. गाण्याबरोबर त्यांनी सारंगी आणि वीणाही हाताळली. सारंगीला मुख्य तारा तीन, पण त्यांच्याखाली तरफेच्या पस्तीस-छत्तीस तारा असतात. त्यातली एक जरी उतरली तरी सगळे वाद्य रुसते. सारंगीवाल्यांच्या मुलाचे बालपण खुंट्या पिळण्यातच जाते म्हणा ना! त्या काळी सारंगियांना समाजात मान नव्हता. गवयांच्या पंक्तीत त्यांना खालचीच जागा मिळे. पण कान तयार होतो तो अशाच कामात, हे मला वडिलांकडे पाहून पटते.

तरुणपणी ते बडोदे दरबारी आले. तेथील सरदार घराण्यातील ताराबाई माने यांना गाणे शिकविता शिकविता दोघांनी संसार थाटण्याचे ठरविले आणि बडोदे सोडून मुंबई गाठली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही त्यांचीच मुले. पुढे १९२२ च्या सुमारास हा संसार मोडला. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, मी त्यात शिरत नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे गाव म्हणजे मिरज. प्लेगच्या दिवसांत खाँसाहेब तेथे आजारी पडले, ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी सेवा केली आणि ते बरे झाले, असे सांगतात. तेव्हापासून मिरज त्यांचे घर झाले. या गावात वाद्यांचा धंदा आधीपासूनच रुजलेला होता. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयाने, आधी वाद्यांची दुरुस्ती आणि मग सतारी-तंबोऱ्यांची घडण सुरू केली. तलवारीचे गिऱ्हाईक संपले, हात मात्र तेच राहिले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे, तुणीचे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नजर यांवर हा धंदा आजही उभा आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आता जवारीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण खाँसाहेबांची सारी कीर्ती त्या बोटभर जागेत आहे, असे माझे मत झाले आहे. तंबोऱ्याच्या तबलीवर घोडी बसविलेली असते. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी बारीक उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर हलके हलके घासते आणि एका सुरातून अनेक सूर उमलतात. घोडीचा माथा झिजला की आवाज बसतो. मग कानशीने घासून तो पुन्हा घडवावा लागतो. कानस एकदा जास्त चालली तर घोडी वाया! हे झाल्यावरही तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून जागा शोधावी लागते. केसभर पुढे सरकला तर आवाज मुका, केसभर मागे सरकला तर चिरका. मी हे वडिलांना सांगितले तेव्हा त्यांना फोड करून सांगावी लागली नाही. यंत्राखाली शिम घालतात तसेच हे, एवढेच ते म्हणाले.

पुण्यात १९१३ साली खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय काढले. विद्यार्थी तेथेच राहत, जेवत, शिकत. खर्च भागे तो बव्हंशी जलशांच्या उत्पन्नावर. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्यापासून पुढची केवढी मोठी परंपरा निर्माण झाली हे सर्वांना ठाऊक आहेच. टिपू नावाच्या कुत्र्यालाही त्यांनी सुरात ओरडायला शिकविले होते, अशी आख्यायिका आहे. खरे-खोटे खाँसाहेब जाणोत!

कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त अधिकारी बावीस श्रुतींचे गणित मांडीत होते. त्यांचा ग्रंथ १९१० साली निघाला. श्रुती तपासण्यासाठी त्यांना खाँसाहेबांच्या गळ्याची मदत झाली. पुढे क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साहाय्याने श्रुतींची हार्मोनियमही तयार झाली, पण १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिला मान्यता मिळू शकली नाही. पट्टीत सूर ठोकून बसवता येतो. तंबोऱ्यात मात्र तो रोज नव्याने शोधावा लागतो. तो शोध खाँसाहेब आयुष्यभर करीत राहिले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत त्यांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, दरबारीच्या सुरात अल्लाची प्रार्थना केली आणि २७ तारखेला तेथेच देह ठेवला. मृतदेह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केला गेला. दरवर्षी उरुसात तेथे गवई हजेरी लावतात आणि त्यांचे तंबोरे लावण्याआधी दुरुस्तीला जातात ते त्याच गावातल्या सतारमेकरांच्या दुकानांत.