लाल मियाँचा बलदंड शेतकरी : चित्रकार एस. एम. सुलतान

कुणी आपल्याला सांगितलं, की एका शेतकऱ्याचं चित्र काढा, तर आपण काय काढू? बरगड्या दिसणारा, फाटक्या धोतरातला, कपाळाला हात लावून आभाळाकडे बघणारा माणूस. शाळेच्या स्पर्धेतली पोरंही हेच काढतात आणि बक्षीसही त्यालाच मिळतं. बंगालच्या एका गवंड्याच्या मुलाने मात्र आयुष्यभर याच्या अगदी उलटं चित्र काढलं. त्याचा शेतकरी पैलवानासारखा आहे. मांड्या खांबासारख्या, पाठ भिंतीसारखी, दंडावर बेटकुळ्या. त्याच्या घरच्या बायकाही तशाच धष्टपुष्ट. हे चित्र काढणारा माणूस काही शहरात बसून गावाची स्वप्नं बघणारा नव्हता. त्याने उपासमार जवळून पाहिली होती, म्हणून ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

शेख मोहम्मद सुलतान यांचा जन्म 10 ऑगस्ट 1923 रोजी नडाइलजवळच्या मासिमदिया गावात झाला. तेव्हा हा भाग अखंड बंगालच्या जेसोर जिल्ह्यात होता, आज तो बांगलादेशात आहे. चित्रा नावाची नदी गावाला वळसा घालून जाते. वालिद शेख मेसेर अली गवंडी होते, थोडी शेतीही बघायचे. घरात मुलाला सगळे लाल मियाँ म्हणत. नडाइलच्या शाळेत पाचेक वर्षं गेली, पुढे शिकवायची ऐपत नव्हती. लाल मियाँ वालिदांच्या हाताखाली कामाला लागला.

विटा वाहता वाहता या पोराला एक नाद लागला. वालिद जमीनदारांच्या इमारती बांधायचे, आणि हा कोळशाच्या तुकड्याने त्याच इमारतींची चित्रं काढायचा. बाप दुसऱ्याचे वाडे उभे करतो आणि स्वतः झोपडीत राहतो, हे मुलाने रोज पाहिलं. मला वाटतं, पुढच्या सगळ्या चित्रांची सुरुवात इथे आहे. ज्याच्या अंगमेहनतीवर सगळं उभं आहे, त्याचं अंग कसं असतं, हे त्याने वालिदांच्या बाजूला उभं राहून बघितलं होतं.

त्याची चित्रं नडाइलचे जमीनदार धीरेंद्रनाथ रॉय यांच्या नजरेत भरली. त्यांनी मुलाला कलकत्त्याला नेलं आणि आपल्या घरी ठेवून घेतलं. सरकारी कला विद्यालयात शिरायचं होतं, पण तिथे मॅट्रिक पास असल्याशिवाय प्रवेश नव्हता. इथे हसन शाहिद सुहरावर्दी मदतीला आले. कवी, कलेचे जाणकार आणि विद्यालयाच्या कारभाऱ्यांपैकी एक. (पुढे पाकिस्तानचे पंतप्रधान झालेले हुसेन शहीद सुहरावर्दी हे त्यांचे धाकटे भाऊ.) त्यांच्या शब्दावर 1941 मध्ये नियम बाजूला ठेवून लाल मियाँला प्रवेश मिळाला. सुहरावर्दींनी त्याला आपल्या घरात जागा दिली, स्वतःच्या पुस्तकांचं कपाट मोकळं करून दिलं. एस. एम. सुलतान हे नावही तिथेच पडलं. एका हिंदू जमीनदाराने हात धरून शहरात आणलं आणि एका मुस्लिम विद्वानाने दार उघडून दिलं, असा तो काळ होता.

सुलतान विद्यालयात असतानाच 1943 साल उजाडलं. बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसं मेली असा अंदाज आहे. खेड्यातला शेतकरी बायकापोरांना घेऊन कलकत्त्याच्या फुटपाथवर येऊन मरत होता. ज्याने भात पिकवला तोच भाताच्या पेजेसाठी दारोदार फिरत होता. त्याच विद्यालयातले तरुण शिक्षक जैनुल आबेदीन यांनी तेव्हा साध्या, स्वस्त कागदावर काळ्या शाईने त्या उपाशी माणसांची रेखाटनं केली. ती आजही बघवत नाहीत. हाडांचे सापळे, शेजारी कावळे. जैनुल यांनी जे समोर होतं ते जसंच्या तसं दाखवलं. सुलतान यांनी तेच शहर, तेच फुटपाथ पाहिले, पण त्यांच्या हातून त्याचं उत्तर निघायला तीस वर्षं लागली, आणि ते निराळंच निघालं.

1944 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांनी विद्यालय सोडलं. वर्गात बसणं हा त्यांचा पिंडच नव्हता. अल्लामा मशरिकींच्या खाकसार चळवळीत ते सामील झाले, म्हणजे ते खांद्यावर बेलचा घेऊन फिरणारे स्वयंसेवक. मग हिंदुस्थानभर भटकंती. दुसरं महायुद्ध चालू होतं, गावोगावी दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांच्या छावण्या होत्या. सुलतान सैनिकांची चित्रं काढून देत, चार पैसे मिळाले की पुढच्या गावाला. 1946 मध्ये शिमल्यात एका कॅनेडियन बाईंच्या पुढाकाराने त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं. नंतर ते काश्मीरमध्ये रमले, डोंगर-दऱ्या रंगवल्या. त्या काळातली चित्रं आज जवळजवळ शिल्लक नाहीत. ज्या गावी काढली तिथेच टाकून हा माणूस पुढे निघून जायचा. कुणी मागितलं तर देऊनही टाकायचा.

फाळणीनंतर लाहोर, मग कराची. दोन्हीकडे प्रदर्शनं झाली, नाव झालं. 1950 मध्ये अमेरिकेचं निमंत्रण आलं. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, शिकागो, बोस्टन, तिथून लंडन. लंडनच्या एका सामूहिक प्रदर्शनात पिकासो आणि दालीच्या चित्रांसोबत सुलतानची चित्रं लागली होती, असं त्यांच्या जवळजवळ प्रत्येक चरित्रात लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्यांना या गोष्टीचं फार अप्रूप आहे. खुद्द सुलतान यांना ते फारसं नसावं, कारण परत आल्यावर त्यांनी कराचीच्या एका शाळेत दोन वर्षं मुलांना चित्रकला शिकवली आणि 1953 मध्ये सरळ गाव गाठलं.

तिशीतला माणूस. जग बघून आलेला. ढाक्यात तेव्हा जैनुल आबेदीन यांनी सुरू केलेलं कला महाविद्यालय होतं, नवे चित्रकार तिथे जमत होते, नोकऱ्या होत्या. सुलतान त्या वाटेला गेले नाहीत. चित्रा नदीच्या काठावरच्या एका पडक्या, ओसाड इमारतीत त्यांनी बिऱ्हाड मांडलं. सोबतीला मांजरं, कुत्री, माकडं, पक्षी आणि सापसुद्धा. लांब केस, अंगात पायघोळ काळा झगा, हातात बासरी. लग्न केलं नाही. गावातल्या मुलांसाठी शाळा काढली, तिचं नाव नंदन कानन. पुढे 1969 मध्ये नडाइलमध्येच चित्रकलेची संस्था सुरू केली. ढाक्याचं कलाविश्व त्यांना जवळजवळ विसरून गेलं, आणि त्यांचंही ढाक्यावाचून काही अडत नव्हतं. उतारवयात त्यांचं जेवणखाण, औषधपाणी एका हिंदू कुटुंबाने बघितलं, घरच्या वडीलधाऱ्याचं बघावं तसं.

या मधल्या वीस-बावीस वर्षांत त्यांनी काय साठवलं, हे 1976 मध्ये कळलं. चाहत्यांनी आग्रह करकरून त्यांना राजधानीत आणलं आणि ढाक्याच्या शिल्पकला अकादमीत त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. वय 53. ढाक्यातलं हे त्यांचं पहिलंच मोठं प्रदर्शन. लोक गेले आणि चकित झाले.

भिंतीएवढी तैलचित्रं. त्यात नांगरणी आहे, भाताची कापणी आहे, खळ्यावरची मळणी आहे. कुणी पेंढ्या डोक्यावर घेऊन चाललंय, कुणी जाळं टाकतंय, बायका भात कांडतायत, नदीवरून पाणी आणतायत. मागे गवताने शाकारलेली घरं, केळीची झाडं, लहान लहान होड्या, आणि दूरवर पसरलेलं सपाट हिरवं शिवार. समोर मॉडेल बसवून काढलेलं यात काही नाही. लहानपणापासून डोळ्यात साठलेलं गाव त्यांनी मनातून उतरवलं. गर्दी एवढी, की एकेका चित्रात माणसं मोजता येत नाहीत. आणि प्रत्येक माणूस, म्हातारा असो की बाई, पिळदार अंगाचा. बैलसुद्धा तसेच.

टीकाही झाली. शरीररचनाच चुकली आहे, असं काहींचं म्हणणं. काहींना हे भाबडं स्वप्न वाटलं, कारण 1974 मध्ये बांगलादेशात पुन्हा दुष्काळ पडून गेला होता आणि खरा शेतकरी हाडकुळाच होता. सुलतान यांचं म्हणणं साधारण असं होतं : हा शेतकरी वाळलेला दिसतो, कारण त्याला पिढ्यानपिढ्या लुटलं गेलंय, पण सगळ्या देशाला पोसण्याची ताकद तर त्याच्यातच आहे, मी ती आतली ताकद रंगवतो. मला स्वतःला दोन्ही बाजू पटतात. उपाशी माणसाला पैलवान दाखवल्याने त्याचं पोट भरत नाही, हे खरंच. पण त्याला कायम दयेच्याच नजरेने बघायचं, यातही त्याचा अपमान आहे. जैनुल यांचं चित्र बघून आपल्याला शेतकऱ्याची कीव येते. सुलतान यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की आपणच छोटे वाटू लागतो.

शिवाय त्यांचं गाव म्हणजे सगळा आनंदीआनंद नाही. ‘चर दखल’ हे चित्र बघा. बंगालमधल्या नद्या पात्र बदलतात, गाळाची नवी जमीन वर येते, तिला चर म्हणतात. या जमिनीवर कब्जा कुणाचा, यावरून भाले-ढाली घेऊन गावंच्या गावं एकमेकांवर तुटून पडतात. सुलतान यांनी ती मारामारी रंगवली. तेच पिळदार हात आता एकमेकांच्या जिवावर उठलेले. ‘हत्यायज्ञ’ नावाचं चित्र तर 1971 च्या कत्तलींची आठवण करून देतं.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं चित्र म्हणजे ‘पहिलं वृक्षारोपण’, साधारण 1975 चं. एक भलामोठा, बलदंड पुरुष हातात कोवळं रोपटं घेऊन आहे, वर पंख असलेल्या आकृती तरंगतायत. पृथ्वीवर पहिल्यांदा झाड लावणारा माणूस, म्हणून बरेच जण त्यात आदमला बघतात. आपल्या घरांमध्ये चित्रांबद्दल मतं वेगवेगळी आहेत, ती असोत. पण पहिला माणूस म्हणजे पहिला शेतकरी, ही कल्पना बंगालच्या एका खेड्यातल्या मुस्लिम घरात वाढलेल्या माणसाला सुचली, याची नोंद घ्यायला हवी.

दिग्दर्शक तारिक मसूद तरुण असताना सुलतान यांच्यावर माहितीपट करायला निघाले. कामाला सात वर्षं लागली. सुलतान आज इथे तर उद्या तिथे, आणि कॅमेरा माझ्यावर नको, शेतकऱ्यावर ठेवा हा त्यांचा आग्रह. 1989 मध्ये तो पूर्ण झाला, नाव ‘आदम सुरत’. बंगालीत हे आकाशातल्या एका तारकासमूहाचं नाव आहे. त्यालाच आपण मृग म्हणतो, ज्याच्या नावावर आपला शेतकरी पेरणीची वाट बघतो.

आता एक दुखरी गोष्ट. सुलतान यांना महागडा कॅनव्हास परवडत नव्हता आणि त्याची हौसही नव्हती. तागाचं गोणपाट घ्यायचं, त्याला गाब नावाच्या फळाचा रस फासायचा आणि त्यावर रंगवायचं. बंगालचे कोळी होडीला आणि जाळ्याला हाच रस लावतात. रंगही पुष्कळदा घरीच, स्थानिक मालापासून बनवलेले. शेतकऱ्याचं चित्र शेतकऱ्याच्याच तागावर, ऐकायला किती छान वाटतं. पण बंगालच्या दमट हवेत गोणपाट कुजतं, बुरशी धरते, रंगाचे पोपडे निघतात. त्यांची कित्येक चित्रं अशीच खराब झाली आहेत. आधीची वाटेत हरवली, नंतरची डोळ्यांदेखत झिजतायत. स्वतःच्या कामाबद्दलची ही बेफिकिरी फकिरी म्हणून सांगितली जाते. मला ती परवडणारी वाटत नाही. गावाची आठवण जपणाऱ्याने ती जपण्याची सोयही करायला हवी होती, आणि त्याने नाही केली तर भोवतालच्या लोकांनी तरी.

सरकारी सन्मान उशिरा आले. 1982 मध्ये एकुशे पदक, 1993 मध्ये स्वाधीनता पुरस्कार. हाताशी पैसा आला की तो मुलांवर जायचा. शेवटच्या काळात त्यांनी एक मोठी लाकडी होडी बांधून घेतली, सुमारे 60 फूट लांब. मुलांना तिच्यात बसवायचं, चित्रा नदीतून खाली सुंदरबनापर्यंत न्यायचं, आणि वाटेत जे दिसेल ते त्यांनी काढायचं. गाव, झाडं, मासे पकडणारी माणसं. शाळेच्या भिंतीत बसून हे येत नाही, हे त्यांना स्वतःवरून माहीत होतं.

10 ऑक्टोबर 1994 रोजी जेसोरच्या लष्करी रुग्णालयात त्यांचा इंतकाल झाला. वय 71. नडाइलमध्ये त्यांच्या घराच्या आवारातच त्यांची कबर आहे, शेजारी संग्रहालय आहे. मुलांची ती होडी त्यांच्यानंतर पाण्याबाहेर काढली गेली. ती चित्रा नदीच्या काठावर ठेवलेली आहे.