टोबियास लोविट्झ आणि कोळशाने शुद्ध केलेले पाणी

चिंचेत आणि द्राक्षांत असणाऱ्या टार्टारिक आम्लाचे पांढरेशुभ्र स्फटिक मिळवायचे, पण द्रावण आटवावे तर ते तपकिरी होई. सेंट पीटर्सबर्गच्या शाही औषधशाळेतले टोबियास लोविट्झ या रंगाने हैराण झाले होते. १७८५ मध्ये त्यांना आढळले, की द्रावणात लाकडी कोळशाची पूड घातली की रंग जातो. मग त्यांनी मध, धान्याची दारू, वास मारणारे पाणी असे बरेच काही कोळशाने स्वच्छ करून पाहिले.

लोविट्झ मूळचे जर्मनीतील गटिंगेनचे, जन्म १७५७ चा. खगोलशास्त्रज्ञ वडिलांबरोबर ते लहानपणीच रशियात आले. १७७४ मध्ये पुगाचोव्हच्या बंडखोरांनी वडिलांना ठार मारले. पोरका झालेला हा मुलगा पुढे औषधशाळेत उमेदवारी करू लागला आणि १७९३ मध्ये विज्ञान अकादमीचा सदस्य झाला.

लांबच्या सफरीत जहाजांवरच्या लाकडी पिंपांतले पाणी कुजत असे. त्यात कोळशाची पूड आणि थोडे सल्फ्युरिक आम्ल घालण्याची कृती लोविट्झ यांनी सुचवली. मात्र हे का घडते, याचा त्यांचा खुलासा त्या काळच्या फ्लॉजिस्टन कल्पनेवर बेतलेला होता, म्हणजे साफ चुकीचा! खरे तर कोळसा कपड्यासारखा नुसता गाळत नाही. रंग, वास आणि अनेक सेंद्रिय रसायनांचे रेणू त्याच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. याला अधिशोषण म्हणतात. आजच्या फिल्टरमधला सक्रिय कोळसा बहुधा नारळाच्या करवंटीचा किंवा दगडी कोळशाचा असतो. वाफेने तापवून त्यात इतकी सूक्ष्म छिद्रे पाडतात, की एका ग्रॅमला ५०० चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग मिळतो.

लोविट्झ १८०४ मध्ये, ४७व्या वर्षी वारले. पाण्यातून कॉलरा पसरतो, हे दाखवून द्यायला आणखी अर्धे शतक जायचे होते. त्यामुळे वास गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे त्या काळी वाटणे साहजिक होते. आज घरच्या विहिरीवर फिल्टर बसवणाऱ्याने तसे समजणे धोक्याचे आहे. साधा कोळसा फिल्टर क्लोरीन, दुर्गंधी आणि बरीच कीटकनाशके पकडतो. नायट्रेट, फ्लोराइड, क्षार मात्र त्यातून सरळ निघून जातात. शेतातल्या खतांमधून विहिरीत उतरणारे नायट्रेट तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवते, आणि पाणी उकळले तर ते कमी न होता आणखी दाट होते. त्याला ना रंग, ना वास. ते प्रयोगशाळेतल्या तपासणीतच कळते. जंतूंसाठी उकळणे, क्लोरीन किंवा अतिनील दिवा लागतो. शिवाय कोळशावर साचलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जिवाणू वाढू शकतात. पृष्ठभाग भरून गेला, की पाण्याची धार तशीच चालू राहते, पण कोळसा काही धरत नाही. म्हणून उत्पादकाने दिलेल्या मुदतीत आतला कोळसा बदलावाच लागतो.