बुडीत खातं

देवगाव फाट्यावर सेलूच्या एसटीची वाट पाहत उभा राहिलो, की मला 1994 सालची एक संध्याकाळ आठवते. आमच्या बँकेतला एक सहकारी पुण्याच्या 'मुक्तांगण'मधून व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन परतत होता. त्याची बायको, धाकटा मुलगा आणि मी फाट्यावर थांबलो होतो. तो उतरला आणि त्याची नजर आधी रस्त्यापलीकडच्या दारूच्या दुकानाकडे गेली. ते मी पाहिलं, वहिनींनीही पाहिलं.

आठच महिन्यांत तो पुन्हा प्यायला लागला. मी बँकेतला माणूस. मनातल्या मनात त्याचं खातं बुडीत धरलं आणि त्याला टाळू लागलो. वहिनी मात्र त्याला घेऊन पुन्हा पुण्याला गेल्या. तिथे त्याला कुणी दाराबाहेर ठेवलं नाही.

हे दार उघडं ठेवणाऱ्या बाई म्हणजे डॉ. अनिता अवचट. पतीच्या, अनिल अवचटांच्या लेखनातून मराठी वाचक त्यांना सुनंदा म्हणून ओळखतो. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या, येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत. ऐंशीच्या दशकात पुण्यामुंबईची तरुण पोरं गर्दच्या आहारी जात होती. अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. त्यातून 29 ऑगस्ट 1986 रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं.

व्यसन हा आजार आहे आणि आजार उलटू शकतो, ही डॉक्टरांची दृष्टी बाईंनी कधी सोडली नाही. पण औषधाइतकाच त्यांचा भर माणसं जोडण्यावर होता. बऱ्या झालेल्यांच्या हाती त्यांनी केंद्राची कामं सोपवली. घरी गेलेल्यांनी पाठपुराव्याला येत राहावं, हा उपचाराचाच भाग मानला. सोसून सोसून गप्प झालेल्या बायकांसाठी 'सहचरी' हा गट उभा राहिला. व्यसनी माणसाबरोबर त्याचं घरही आजारी पडतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

पुढे कर्करोगानं त्यांनाच गाठलं. तरीही त्या काम करत राहिल्या. 10 फेब्रुवारी 1997 रोजी त्या गेल्या. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर हे काम सांभाळते.

माझा सहकारी दुसऱ्या खेपेनंतर मात्र सावरला. कित्येक वर्षं तो रात्रीच्या एसटीनं पुण्याला पाठपुराव्याला जात असे. पहिल्यांदा तो घसरला तेव्हा मी त्याच्याकडे पाठ फिरवली, याची मला आजही लाज वाटते.

परवा तो फाट्यावर भेटला, नातवाचं बोट धरून. मी दोन चहा सांगितले. एसटी आली आणि गेली, आम्ही बोलतच बसलो.